बीटाचा रस दर्शकासारखा का वागत नाही?

सुमेधा_मॅडम

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. आम्ल-आम्लारी शिकवून झालं की मुलांकडून नैसर्गिक दर्शक करून घेते. जास्वंद, गोकर्ण, लाल कोबी ही नेहमीची मंडळी. यंदा एका मुलीने बीट आणलं. किसून, पाण्यात भिजवून, गाळून तिने इतका गडद रस काढला की आज सगळ्यांत ठळक बदल हाच दाखवणार, असं वर्गाला वाटलं.

लिंबाचा रस घातला, काही नाही. व्हिनेगर घातलं, काही नाही. खायच्या सोड्याने निरखून पाहिलं तर किंचित जांभळट झाल्यासारखा वाटला. तोवर शेजारच्या बाकावर कोबीचा रस निळ्या-हिरव्यापर्यंत पोचला होता. मग मी धुण्याच्या सोड्याचं दाट द्रावण दिलं. रस आधी जांभळा झाला आणि हळूहळू पिवळा पडत गेला. तास संपेपर्यंत नळीत मळकट पिवळं पाणी उरलं. तिने त्यात लिंबू पिळून पाहिलं, कारण कोबीचा रस असा परत लाल होताना तिने पाहिलं होतं. बीटाचा रंग काही धड परत आला नाही.

तिने वहीत लिहिलं, 'बीट दर्शक नाही.' मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, 'पण तेही लालच आहे ना?' मला या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आहे. 'काही रंग असे, काही तसे' असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणखी दोन प्रश्न त्याच मुलीचे. तिने ट्रेमध्ये बीटाच्या बिया लावल्या आहेत. एकेका बीमधून दोन-दोन, तीन-तीन रोपं आली, असं का? आणि कितीही धुतलं तरी बीटाला मातीचा वास येतो, तो मातीचाच असतो का?

निरंजन

वाचतोय. माझ्या माहितीप्रमाणे पानाफुलांतले सगळे लाल, जांभळे, निळे रंग अँथोसायनिनचे. मग बीटातलं अँथोसायनिन वेगळं का वागावं? त्यात साखर जास्त असते म्हणून?

वर्णलेखा

सुमेधाताई, त्या मुलीने जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं आहे. माझा पीएचडीचा प्रबंध याच रंगावर होता, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

निरंजन, सगळे नाहीत. बीटात अँथोसायनिन नसतं. कमी असतं असंही नाही, नसतंच. बीटाचा रंग बीटालेन या निराळ्या गटातला. त्यात लाल-जांभळे ते बीटासायनिन आणि पिवळे-केशरी ते बीटाझँथिन. लाल बीटातलं मुख्य द्रव्य बीटानिन.

दोन्ही रंगांची सुरुवातच वेगळ्या ठिकाणी होते. अँथोसायनिन हे फ्लॅव्होनॉइडांपैकी एक. ते फिनिलॲलनिन या अमिनो आम्लापासून निघतं, पण तयार रंगद्रव्याच्या गाभ्यात नायट्रोजन शिल्लक राहत नाही. बीटालेन टायरोसिनपासून बनतं आणि त्यात नायट्रोजन राहतो. नुसता कुठेतरी कडेला लटकलेला नसतो. ज्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे रंग दिसतो, तिच्या दोन्ही टोकांना तो बसलेला असतो.

आता तुमची नळी. अँथोसायनिनचा रेणू सामू बदलेल तसा हायड्रोजन आयन घेतो-सोडतो आणि त्याप्रमाणे त्याचं रूप बदलतं. आम्लात लाल, पुढे जांभळा, निळा. परत आम्ल घातलं की परत लाल. बीटानिनचा रंग देणारा भाग मात्र सामू ३ ते ७ च्या दरम्यान जवळजवळ तसाच राहतो. म्हणून लिंबू आणि व्हिनेगरने काही झालं नाही. याच स्थिरतेमुळे बीटाचा रंग ई१६२ या क्रमांकाने खाद्यरंग म्हणून वापरता येतो.

धुण्याच्या सोड्यात जे झालं तो रंगबदल म्हणण्यापेक्षा रेणूची मोडतोड आहे. बीटानिन दोन तुकडे जोडून बनलेलं असतं: एक बीटालॅमिक आम्ल आणि दुसरा सायक्लोडोपा, ज्याला ग्लुकोज चिकटलेलं असतं. तीव्र आम्लारीत पाणी मधला बंध तोडतं. बीटालॅमिक आम्ल स्वतः पिवळं, दुसरा तुकडा रंगहीन. म्हणून नळी पिवळी. आम्ल घातल्यावर काही तुकडे पुन्हा जुळतात, पण तोवर सायक्लोडोपाच्या तुकड्याचं हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण सुरू झालेलं असतं. तुम्ही लिहिलेला 'मळकट'पणा त्यातूनच येतो आणि पूर्ण लाल म्हणूनच परतत नाही. मुलीची नोंद तशीच राहू द्या, खाली एवढंच लिहायला सांगा: दर्शकाचा बदल उलटवता येतो, इथे रेणू तुटला.

रसायनशास्त्रज्ञांनाही हे कळायला वेळ लागला. बराच काळ याला 'नायट्रोजनयुक्त अँथोसायनिन' म्हटलं जायचं, म्हणजे अँथोसायनिनचाच विचित्र भाऊबंद मानला जायचा. १९५७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे बीटानिनचे स्फटिक मिळवले. १९६३ मध्ये विलर, मॅब्री आणि ड्रायडिंग यांनी रचना मांडली आणि नातं नाहीच हे स्पष्ट झालं. बीटालेन हा शब्द मॅब्री आणि ड्रायडिंग यांनी १९६८ मध्ये रूढ केला.

जनुकांची गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते. १९३६ मध्ये केलर यांनी लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या बीटांचे संकर करून दाखवलं की मुख्य रंग दोन जनुकांवर ठरतात. त्यांना आर आणि वाय अशी नावं मिळाली. ही जनुकं नेमकी काय करतात हे कळायला पाऊण शतक गेलं. आर म्हणजे सायटोक्रोम पी४५० गटातलं एक विकर (एन्झाइम), हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. ते टायरोसिनपासून बनणाऱ्या एल-डोपाचं सायक्लोडोपा करतं, म्हणजे वर सांगितलेला दुसरा तुकडा. हे विकर निकामी असेल तर लाल रंगाचा अर्धा भागच तयार होत नाही. बीटालॅमिक आम्ल मात्र बनत राहतं. ते पेशीतल्या साध्या अमिनो आम्लांशी आपणहून जुळतं, त्याला विकराचीही गरज लागत नाही, आणि बीटाझँथिन तयार होतं. पिवळं बीट ते हेच. लाल बीटातून एक पायरी काढून टाकली की उरतं ते.

वाय जनुक २०१५ मध्ये सापडलं. ते रंग बनवत नाही, रंगाची जनुकं कुठे चालू करायची ते ठरवतं. आणि ते निघालं एमवायबी प्रकारचं, इतर वनस्पतींत अँथोसायनिन चालू करणाऱ्या नियंत्रकांच्याच घराण्यातलं. रंग बनवणारी सामग्री सगळी नवी, पण ती चालू करणारा कारभारी जुन्याच घरचा.

एक सुचवू? या प्रयोगाला 'दर्शक' न म्हणता 'नातेवाईक ओळखा' म्हणा. बीट राजगिऱ्याच्या कुळातलं, कॅरिओफायलेल्स या गणातलं. मुलांना वर्गीकरणाचा तक्ता दाखवायच्या आधी शक्य तितकी लाल-गुलाबी फुलं आणि पानं आणायला सांगा आणि प्रत्येकाचा अर्क धुण्याच्या सोड्यात घाला. कोण पिवळं पडतं आणि कोण निळं-हिरवं होतं ते लिहा. तक्ता नंतर उघडा.

वासाचं आणि बियांचं कुणी जाणकार सांगेलच. बीजांकुर, तुम्ही आहात का?

बीजांकुर

आहे आहे. वासाचं आधी सांगतो, ते थोडक्यात आहे. तो वास जिओस्मिन या संयुगाचा. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्यातही हेच असतं. मातीत ते स्ट्रेप्टोमायसिस गटातले जीवाणू बनवतात. म्हणून बीटाला ते मातीतून चिकटतं असं समजणं साहजिक होतं. पण निर्जंतुक माध्यमात, जीवाणू नसताना वाढवलेल्या बीटांतही जिओस्मिन सापडलं आहे. शिवाय एकाच शेतात, एकाच मातीत लावलेल्या निरनिराळ्या वाणांत त्याचं प्रमाण सातत्याने कमी-जास्त निघतं आणि निवड करून ते वाढवता-घटवता येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्विन गोल्डमन यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे. तेव्हा धुऊन हा वास जाणार नाही, तो आतला आहे. आपलं नाकही याबाबत फार तिखट, पाण्यात एक अब्जांशाच्या कितीतरी कमी प्रमाणातही आपल्याला तो ओळखू येतो.

आता बी. मी बीजोत्पादनात काम करतो, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा.

मुलीने पेरलं ते एक बी नाहीच. बीटाच्या फुलोऱ्यात दोन, तीन, चार फुलं एकमेकांना चिकटून येतात. फळं धरताना त्यांच्या बुडांचे भाग एकत्र जुळून टणक होतात आणि एक खडबडीत, बुचासारखी गोळी तयार होते. आपण हातात घेतो ती ही गोळी, म्हणजे फळांचा गुच्छ. भिंगाखाली धरली तर प्रत्येक फळावरचं लहान गोल झाकण वेगळं दिसतं. अंकुर येताना ते झाकण उचललं जातं आणि आतून तांबडं, चकचकीत खरं बी दिसतं. जितकी झाकणं, तितक्या रोपांची शक्यता.

वर्गात गंमत नाही का वाटणार, पण शेतात ही मोठी अडचण होती. साखरेच्या बीटाची शेती शेकडो एकरांवर चालायची आणि प्रत्येक ठिकाणी उगवलेल्या झुपक्यातून एकच रोप ठेवून बाकीची हाताने उपटावी लागायची. आखूड दांड्याची खुरपी घेऊन माणसं दिवसभर वाकून हे काम करत. १९४० च्या दशकात अमेरिकेत गोळ्या यंत्राने फोडून तुकडे पेरण्याची युक्ती निघाली. तिने काम हलकं झालं, पण फोडताना बियाही दुखावायच्या.

खरा उपाय झाडातच मिळाला. व्ही. एफ. सावित्स्की आणि त्यांच्या पत्नी हेलेन, दोघेही बीटाचे अभ्यासक, सोव्हिएत संघातून अमेरिकेत आले होते. १९४८ मध्ये ऑरेगॉनमधल्या बीजोत्पादनाच्या शेतांत सावित्स्की एकेरी फुलांची झाडं शोधत हिंडले. प्रचंड संख्येने झाडं पाहिल्यावर मोजकी काही हाती लागली, ज्यांची फुलं जुळलेली नव्हती. तो गुणधर्म एकाच अप्रभावी जनुकावर अवलंबून निघाला. आज साखरेच्या बीटाचं व्यापारी बियाणं जवळपास सगळं या एकबीजी प्रकारचं असतं. भाजीच्या लाल बीटात मात्र बहुतेक वाण अजूनही बहुबीजीच आहेत, म्हणून तुमच्या ट्रेमध्ये झुपके.

याच्याशी जोडलेली दुसरी मोठी गोष्ट ओवेन या अमेरिकी बीट-संशोधकाची. त्यांनी १९४५ मध्ये असं बीट वर्णन केलं ज्यात परागकण निरुपयोगी असतात आणि हा दोष आईकडून, पेशीद्रव्यामार्फत पुढे जातो. बीटाची फुलं बारीक आणि द्विलिंगी, एकेकाचे पुंकेसर खुडणं केवळ अशक्य. नर-वंध्य झाड मिळाल्यामुळे संकरित बियाणं शक्य झालं. आजच्या साखरेच्या बीटाचे संकर बहुतांश त्याच एका वंध्यत्वावर उभे आहेत. इतकं मोठं पीक एकाच पेशीद्रव्यावर टेकलेलं असणं मला काळजीचं वाटतं, आणि म्हणूनच रानटी नातेवाईक जपले पाहिजेत असं मी सगळीकडे सांगत असतो.

निरंजन

साखरेचं बीट आणि लाल बीट ही एकच जात? मला वाटायचं नुसती नावं सारखी असावीत.

बीजांकुर

जात एकच, बीटा व्हल्गॅरिस. लाल बीट, साखरेचं बीट, गुरांचं बीट आणि पानांसाठी लावतात ते चार्ड, सगळे एकाच जातीचे प्रकार, गुणसूत्रं १८. एकमेकांशी सहज संकर होतो. देशी पालक म्हणून लावली जाते तीही बागायतशास्त्रात बीटा व्हल्गॅरिसचाच एक प्रकार मानतात, आणि विलायती पालक, म्हणजे स्पिनेशिया, वेगळी. ओळखायचं झालं तर बी पाहा. बीटाच्या पालकाचं 'बी' असंच खडबडीत गुच्छाचं असतं. शिवाय स्पिनेशियात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात.

या सगळ्यांचं रानटी मूळ म्हणजे समुद्रबीट, बीटा व्हल्गॅरिस मॅरिटिमा. भूमध्य समुद्र आणि अटलांटिकच्या युरोपीय किनाऱ्यांवर वाळू-गोट्यांत, खाऱ्या वाऱ्यात वाढतं. मूळ पाहाल तर काटकुळं, फाटे फुटलेलं आणि चिवट. बीटाला खारटपणा झेपतो तो या वारशामुळे. सोडियम ते पानांतल्या पेशींच्या रिक्तिकांत साठवतं आणि पेशीद्रव्यात ग्लायसिन बीटाइन जमवून पाण्याचा तोल सांभाळतं.

साखरेची कहाणी तर थेट प्रयोगशाळेतली. १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ यांनी वाळवलेल्या बीटातून अल्कोहोलने साखर काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं की हे स्फटिक उसाच्या साखरेचेच. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी पांढऱ्या मुळांची निवड करत नेली आणि सायलेशियात कुनर्न इथे पहिला कारखाना काढला, तो १८०२ मध्ये चालू झाला. तेव्हा बीटात साखर होती सुमारे ६ टक्के. आज १६ ते २० टक्के असते. ती वाढवण्यात लुई द विल्मोरिन यांचा वाटा फार मोठा. त्यांनी एकेका मुळाचा लहान तुकडा काढून त्याच्या रसाची घनता मोजली आणि मूळ मात्र बियांसाठी जिवंत ठेवलं. पुढे मुळावर न थांबता त्याची संतती कशी निघते त्यावर निवड केली. संततीवरून झाडाची पारख करण्याची पद्धत इथे रुजली, मेंडेलचं काम कुणी वाचण्याच्या कितीतरी आधी.

समुद्रबीट आजही किती उपयोगी पडतं याचं एक उदाहरण देतो आणि थांबतो. ऱ्हायझोमेनिया हा बीटाचा भयंकर रोग. पॉलिमिक्सा बीटी हा मातीतला सूक्ष्मजीव विषाणू मुळांत घेऊन जातो. मुळाला दाढीसारख्या बारीक मुळ्यांचं जंजाळ फुटतं आणि साखर पार घसरते. याला प्रतिकार करणारं आरझेड२ हे जनुक डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या समुद्रबीटातून आलं. २०१७ मध्ये संशोधकांनी तिथल्याच रानटी झाडांच्या जनुकसंचांची तुलना करून ते नेमकं कोणतं जनुक हे शोधून काढलं. किनाऱ्यावरचं ते तण उद्या बांधकामात गेलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

सुमेधा_मॅडम

किती छान! दोघांचेही मनापासून आभार. मुलांना गोळी भिंगाखाली दाखवली, झाकणं दिसली. एकाने टाचणीने झाकण उचकटून आतलं बी काढलंच.

वर्णलेखाताई, तुमचा प्रयोगही केला. सोड्यात पिवळे पडले: बोगनवेल, गुलबक्षी, लाल माठ, कोंबडा. निळे-हिरवे झाले: जास्वंद, गुलाब, गोकर्ण. मग तक्ता उघडला. पिवळ्या यादीतले सगळे एकाच गणात! वर्गात अक्षरशः आरडाओरडा.

पण दोन अडचणी आल्या. एका मुलाने पांढऱ्या जास्वंदीची पाकळी टाकली, तीही पिवळी झाली. आणि कार्नेशन. तक्त्यात ते बीटाच्याच गणात आहे, गणाचं नावच त्याच्या कुळावरून आहे, आणि आमच्या नळीत ते हिरवट-निळं झालं. आमचं चुकलं का?

वर्णलेखा

काहीच चुकलं नाही. कार्नेशन नळीत घालून पाहणारा वर्ग मला भेटला याचा किती आनंद झाला म्हणून सांगू.

पांढऱ्या पाकळीचं आधी. पांढऱ्या फुलांत डोळ्याला न दिसणारे फ्लॅव्होनॉल असतात, ते आम्लारीत पिवळे होतात. लाल फुलातही ते असतातच, म्हणून निळा आणि पिवळा मिसळून तुम्हाला जास्वंदीत हिरवं दिसलं. तेव्हा नुसतं 'पिवळं झालं' हा पुरावा पुरेसा नाही, आधी लाल असलेला रंग जाऊन पिवळं झालं पाहिजे. खात्रीसाठी दुसरी चाचणी: अर्कात हायड्रोक्लोरिक आम्ल (२ मोलार) घालून नळी पाचेक मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. अँथोसायनिन लाल राहतं, बीटासायनिन विरून जातं. ही मात्र तुम्ही स्वतः करा, मुलांच्या हाती देऊ नका.

आता कार्नेशन. कॅरिओफायलेल्स गणात बीटालेन बनवणारी बरीच कुळं आहेत, पण कार्नेशनचं कुळ आणि मोलुगोचं कुळ अशी काही मधूनच अँथोसायनिनवर असलेली निघतात. आणि आजवर तपासलेल्यांत असं एकही झाड सापडलेलं नाही जे निसर्गतः दोन्ही रंग बनवतं. एक तर हा, नाही तर तो. (गणाबाहेर बीटालेन काही अळिंबींत आहे, लाल टोपीच्या अमानिटा मस्करियात. वनस्पतींत दुसरीकडे नाही.)

हे कोडं सोडवण्यात माझ्या पिढीची कितीतरी माणसं गुंतली आहेत. पहिली शंका अशी होती की दोन्ही रंग एका पेशीत एकमेकांना मारक असतील. ती टिकली नाही. कार्नेशनसारख्या अँथोसायनिनवाल्या झाडात बीटालेनचं एक जनुक घालून बाहेरून एल-डोपा दिलं की बीटालेन तयार होतं. तंबाखूच्या फुलात दोन्ही रंग शेजारी-शेजारी नांदवून दाखवले आहेत.

दुसरी शंका, बीटाच्या नातेवाइकांनी अँथोसायनिन बनवणारी विकरंच गमावली असतील. तेही तसं नाही. पालकात शेवटच्या पायऱ्यांची विकरं आहेत आणि ती काम करतात. बियांच्या टरफलात टॅनिनसारखी संयुगं बनवायला ती वापरली जातात. म्हणजे पान-फुलांत ती चालू करणारी व्यवस्था आणि तयार रंग रिक्तिकेपर्यंत नेणारी वाहतूक, यांत बिघाड शोधावा लागतो. अलीकडचं काम त्याच दिशेने आहे.

तिसरं, आणि मला सगळ्यात पटणारं: बीटालेन एकदाच जन्मलं आणि कार्नेशनने ते गमावलं, ही जुनी समजूतच आता डळमळली आहे. बीटालॅमिक आम्ल बनवणारं विकर डोडा. त्याच्या जनुकाच्या अनेक प्रती या गणात झाल्या आहेत. २०२० मध्ये शीहान, ब्रॉकिंग्टन आणि सहकाऱ्यांनी त्या प्रती कोण खरंच काम करतात ते तपासलं. निष्कर्ष असा की हे काम करणारी डोडा या गणात किमान तीन वेळा स्वतंत्रपणे उगवली. म्हणजे कार्नेशनच्या पूर्वजांकडे बीटालेन कधी नव्हतंच, असंही असू शकतं.

मग याच गणात पुनःपुन्हा का? याचंही एक सुंदर उत्तर २०१८ मध्ये मिळालं. बहुतेक झाडांत टायरोसिन पुरेसं साठलं की ते स्वतःच ते बनवणाऱ्या विकराला थांबवतं. या गणाच्या पूर्वजात त्या विकराची एक प्रत अशी झाली की हा लगाम सैल पडला. टायरोसिन मुबलक झालं, आणि तेही बीटालेन येण्याच्या आधी. कच्चा माल आधी तयार होता, रंग मागून आला. कार्नेशनच्या कुळात ती सैल प्रत पुढे हरवलेली किंवा मंदावलेली दिसते.

आणि आता हाच रंग सगळ्या प्रयोगशाळांत पोचला आहे. २०२० मध्ये युंदे झाओ यांच्या गटाने तीन जनुकांची एक जोडणी केली: आरचं विकर, डोडा आणि ग्लुकोज चिकटवणारं तिसरं. तिला रूबी म्हणतात. कोणत्याही झाडात ती घातली की पेशीतलंच टायरोसिन वापरून बीटाचा रंग तयार होतो. जे जनुक कुठे चालू होतं ते पाहायचं, त्याच्या नियंत्रकाला ही जोडणी लावायची, आणि मग फक्त बघायचं. सूक्ष्मदर्शक नको, महाग रसायन नको. भाताचं लाल रोप समोर ठेवलं की उत्तर मिळालं. मी पहिल्यांदा असं रोप पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती पाहत बसले होते.

गुलबक्षी तुमच्याकडे आहेच, तर एक. २००५ मध्ये असं दिसलं की तिच्या पिवळ्या भागातलं बीटाझँथिन निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश सोडतं, आणि ठिपक्यांतलं लाल बीटानिन तो हिरवा प्रकाश गिळतं. म्हणजे पिवळ्यावर लाल ठिपके असलेल्या फुलात डोळ्याला दिसणाऱ्या नक्षीखाली आणखी एक नक्षी असते. तुमच्या मुलांना ठिपक्यांचं गुलबक्षीचं फूल मिळालं तर पिवळा भाग आणि लाल भाग वेगळे कापून दोन नळ्यांत तपासायला सांगा.

सुमेधा_मॅडम

ठिपक्यांची गुलबक्षी शोधायची मोहीम आजच काढते. आणि मुलगी विचारते आहे, तिच्या ट्रेमधलं बीट फुलणार कधी? तिला स्वतःच्या झाडाची गोळी भिंगाखाली पाहायची आहे.

बीजांकुर

यंदा नाही. बीट द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी मूळ भरतं, मग काही आठवडे सलग थंडी लागते आणि त्यानंतर मोठे दिवस, तेव्हा कुठे फुलोऱ्याचा दांडा निघतो. यामागची जनुकं २०१० मध्ये कळली. इतर झाडांत फुलायचा निरोप देणाऱ्या एफटी जनुकाच्या बीटात दोन प्रती आहेत. एफटी२ फुलायला लावते आणि एफटी१ उलट फुलणं अडवून धरते. थंडीनंतर एफटी१ शांत होते, मगच एफटी२ ला वाव. समुद्रबीटाची पुष्कळ झाडं मात्र थंडीशिवाय पहिल्याच वर्षी फुलतात.

तिला सांगा, दोन-तीन चांगली मुळं पानं वरून छाटून, पण मधला कोंब न दुखावता, ओलसर वाळूत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेव. ५ अंशांच्या आसपास तापमान, आठ ते बारा आठवडे. वाळू वाळू द्यायची नाही आणि चिखलही करायचा नाही. मग मोठ्या कुंडीत लावायची आणि दिवस मोठे असताना उन्हात ठेवायची. दांडा पुरुषभर उंच होऊ शकतो, आधार लागेल. बीटाचा पराग वाऱ्याने जातो आणि बहुतेक बीटांना स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून एकच झाड ठेवू नका, जवळजवळ दोन तरी हवीत.

आणि ट्रेमधल्या रोपांचं आत्ताच एक करा. प्रत्येक गोळीतून किती रोपं आली ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तिने स्वतः धरलेल्या गोळ्या पेरल्या की तीच मोजणी पुन्हा करायची.